तंजावरचे मास्तर

जुन्नरच्या माणसाला तंजावरची ओढ वाटावी यात नवल नाही. शिवनेरी आमच्या उशाशी उभा. त्या गडावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीमहाराज जन्मले, हे आमच्याकडे पोर धड बोलू लागण्याआधी त्याच्या कानावर पडलेले असते. पण महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे पुढे काय झाले असे विचारले, तर चौथीचा वर्ग राहू द्या, शिक्षकांच्या खोलीतही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत मिळून चौतीस वर्षे शिकवले. चौथीचा इतिहास किती वेळा शिकवला याची गणतीच नाही. तरी ‘व्यंकोजींनी तंजावरास मराठ्यांची गादी स्थापन केली’ या एका वाक्यापलीकडे माझीही मजल गेलेली नव्हती.

निवृत्त झाले आणि भाचा मागे लागला. तो तिरुचिरापल्लीला नोकरीस असतो. म्हणाला, “आत्या, जन्मभर फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढलास. आता एकदा त्या नकाशात येऊन बघ की!” बोलणे मनाला लागले. जानेवारीत, पोंगलच्या सुमारास, मी बॅग भरली आणि गेले.

गेले होते ती भोसल्यांचे तंजावर पाहायला. परत येताना मात्र एका शाळामास्तराची हकीगत घेऊन आले. हा मास्तर राजा नव्हे, सरदार नव्हे, मराठीही नव्हे. धर्माने ख्रिस्ती, पंथाने लूथरन, भाषेने तमिळ. त्याची गोष्ट मला एवढी का लागावी, तेही सांगणार आहे. कारण तिच्यात माझ्या एका वर्गातली एक जागा येते, आणि ती सांगितल्यावाचून ही हकीगत पुरी व्हायची नाही.

तंजावर पहिल्याने मनात भरते ते बृहदीश्वराच्या देवळाने. हजार वर्षांचे ते शिखर पाहून मान दुखून येते. पण माझे पाय थबकले ते शिखरापाशी नव्हे. देवळाच्या भिंतीवर ओळीने मराठी अक्षरे कोरलेली! सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास तेथे दगडावर कोरवून घेतला आहे. चहूकडे तमिळचा गलबला, पाटी वाचता येत नाही, आणि मधेच भिंतच्या भिंत आपल्या भाषेत बोलू लागते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला मी उगीचच सांगितले, “आमची भाषा आहे ही.” ती बिचारी हसली आणि पुढे गेली.

हे सरफोजीराजे मोठे विद्याव्यासंगी. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, नावारूपास आणले. वाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि तेथे १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ छापली. ती म्हणजे इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप. आपल्याकडे पुण्या-मुंबईत मराठी पुस्तके छापू लागण्यापूर्वी मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक निघाले ते तंजावरास, हे ऐकून माझ्यातल्या मास्तरणीला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी भाच्याला म्हटले, “या राजाला शिकवले कोणी, ते बघायला पाहिजे.”

भाच्याने त्याची सोय आधीच करून ठेवली होती. त्याच्या बिऱ्हाडाशेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. लहानशा गावी जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. तिरुचिरापल्ली हे तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्चचे मुख्य ठाणे. त्यामुळे त्या शहरात लूथरन मंडळी पुष्कळ. हे मास्तर सकाळी चर्चचे कुलूप काढतात, रविवारी पेटी वाजवतात, मुलांना गाणी बसवून देतात, कोणाच्या घरी दुखणे-बाणे निघाले तर डबा पोहोचवतात. या कामाचा पैसा नाही आणि तो त्यांना नकोही. पांढरे स्वच्छ धोतर, खिशाला दोन लेखण्या. त्यांना पाहताच आमच्याकडच्या जुन्या गुरुजींची आठवण झाली. ते मला ‘टीचर’ म्हणत, मी त्यांना ‘सर’ म्हणे. मोडके इंग्रजी दोघांचे सारखेच असल्यामुळे संभाषण उत्तम चालले. अडले तर भाचा होताच.

लूथरन म्हणजे कोण, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. आपल्या बाजूचे ख्रिस्ती बहुधा अमेरिकन मराठी मिशनचे, नाही तर रोमन कॅथलिक. सरांनी मला ते शिक्षकाला समजेल अशा रीतीने सांगितले. मार्टिन लूथर हा जर्मनीतला धर्मसुधारक. १५१७ साली त्याने चळवळ सुरू केली. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत यावा, तो ज्याचा त्याला वाचता यावा आणि देवाची गाणी सगळ्यांनी मिळून म्हणावीत, असा त्याचा आग्रह. आपल्या ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली, त्याची मला आठवण झाली. आता ग्रंथ सर्वांनी वाचायचा तर सर्वांना वाचता यायला हवे. म्हणून लूथरन पंथात चर्चच्या जोडीला शाळा आली, आणि पुष्कळदा शाळेचा मास्तर तोच चर्चचा सेवक झाला.

ही मंडळी हिंदुस्थानात आली १७०६ साली. तंजावरच्या पूर्वेला समुद्रकाठी तरंगंबाडी म्हणून गाव आहे. तेथे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांची वखार होती. डेन्मार्कच्या राजाने त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक तेथे धाडले. त्सीगेनबाल्ग यांनी तमिळ शिकायचे ठरवले, तेव्हा त्यांनी गावच्या पंतोजीला शाळेसकट आपल्या घरी बोलावले आणि स्वतः मुलांच्या रांगेत बसून वाळूवर बोटाने अक्षरे गिरवली. धुळाक्षरे गिरवून शिकलेली आपली आजोबांची पिढी आठवते ना? तसेच. पुढे १७१५ साली त्यांचा तमिळ ‘नवा करार’ छापून निघाला.

याच परंपरेतले क्रिस्टियन फ्रीडरिष श्वार्त्झ. जन्म १७२६, जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातला. १७५० साली ते तरंगंबाडीस उतरले आणि पुन्हा म्हणून मायदेशी गेले नाहीत. लग्न केले नाही. राहणी साधी. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी शिकले, आणि तंजावर दरबारची भाषा म्हणून आपली मराठीही शिकले. हैदर अलीसारख्या संशयी माणसाशी १७७९ साली बोलणी करायला इंग्रजांनी पाठवले ते यांनाच. तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे १७८५ च्या सुमारास त्यांनी इंग्रजी शाळा काढल्या. त्यांना दरबारांचाही आश्रय मिळाला.

तंजावरचे तुळजाराजे निपुत्रिक. त्यांनी १७८७ साली, मरणापूर्वी, नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि मुलाला श्वार्त्झ यांच्या ओटीत घातले. पण गादीवर आले चुलते अमरसिंग. त्यांनी मुलाला जवळजवळ कोंडूनच ठेवले. शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. श्वार्त्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे तक्रारींवर तक्रारी केल्या, तेव्हा कुठे १७९३ साली मुलाला मद्रासेस नेऊन त्याच्या शिक्षणाची नीट व्यवस्था झाली. अखेर १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. पण ते पाहायला गुरुजी नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला ते वारले होते.

किल्ल्यातल्या शिवगंगा बागेजवळ १७७९ साली बांधलेले चर्च आहे. सर आम्हांला तेथे घेऊन गेले. आत भिंतीवर संगमरवरी शिल्प आहे. सरफोजीराजांनी लंडनचे नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून ते करवून घेतले. श्वार्त्झ मरणशय्येवर आहेत. जवळ उभ्या असलेल्या सरफोजींनी त्यांचा हात हातात घेतला आहे. डोक्याला मराठेशाही पगडी. आणि पलंगाशी शाळेतली मुले उभी आहेत. राजाने आपल्या गुरूच्या अखेरच्या घटकेचे चित्र करवून घेतले, आणि त्यात शाळेच्या पोरांनाही जागा आहे! मी किती वेळ पाहत उभी राहिले, कोण जाणे.

मी सरांना विचारले, “मग राजे ख्रिस्ती झाले का हो?”

“नाही, टीचर. शेवटपर्यंत शिवभक्त राहिले. श्वार्त्झ यांना ते व्हावेसे वाटत असणारच. पण राजा झाला नाही म्हणून माया आटली नाही, आणि राजाने धर्म बदलला नाही म्हणून गुरूचे ऋण नाकारले नाही. ख्रिस्ती पोरक्या मुलांच्या अन्नवस्त्राची सोय राजांनीच केली.” मग जरा थांबून सर म्हणाले, “पण टीचर, श्वार्त्झ यांचा आणखी एक शिष्य होता. तो तुम्हांला-मला अधिक जवळचा. तो मास्तर होता.”

आणि मग चर्चच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी वेदनायकम शास्त्री यांची गोष्ट सांगितली.

वेदनायकम यांचा जन्म ७ सप्टेंबर १७७४ रोजी तिरुनेलवेलीचा. जातीचे वेल्लाळ, म्हणजे तिकडचे वरच्या मानाचे शेतकरी. वडील शैवपंथ सोडून ख्रिस्ती झालेले आणि चर्चच्या सेवेत लागलेले. आई लहानपणीच गेली. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना श्वार्त्झ त्या बाजूला आले. पोराची बुद्धी पाहून त्यांनी बापाकडे मुलगा मागितला आणि त्याला तंजावरला आणले. पुढे काही वर्षे तरंगंबाडीच्या जर्मन गुरूंपाशी शिक्षण झाले. बायबलाबरोबर गणित, खगोल, शरीरशास्त्र. विसाव्या वर्षाच्या आतच तो तंजावरच्या मिशनशाळेचा मुख्य झाला. आमच्याकडे विसाव्या वर्षी डी.एड.चे पोर फळा पुसताना सुद्धा घाबरते!

शाळेच्या वेळात शाळा, आणि उरलेला सारा वेळ चर्चसाठी गीते. त्यांच्या नावावर शंभरावर रचना सांगतात. दक्षिणेकडे ‘कुरवंजी’ म्हणून एक नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरातली कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, येते आणि प्रेमात पडलेल्या नायिकेचा हात पाहते. वेदनायकम यांनी तोच लोकांच्या आवडीचा साचा घेतला आणि १८०० साली ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. त्यात ख्रिस्ताची भक्ती तर आलीच, पण जुन्या चालींवर गाता गाता पृथ्वी, सूर्य, ग्रह यांचे शाळेत शिकवायचे नवे ज्ञानही आले. मौज अशी की इकडे सरफोजीराजांनीही ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली, ती मराठीत, आणि तिच्यातली कुरवंजी इंद्राणीला चक्क जगाचा भूगोल सांगते! एकाच गुरूचे दोन शिष्य. एक राजा, एक मास्तर. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाचे मराठी, एकाचे तमिळ. पण दोघांनीही भूगोलाचा तास गाण्यात घातला.

मला येथे आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. आमच्या जुन्नरशेजारच्या नगरास (आजच्या अहिल्यानगरास) त्यांची पुष्कळ वर्षे गेली. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनीही विलायती चालींवर समाधान न मानता अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१९ साली ते वारले. त्यांच्या शंभर वर्षे आधी एका तमिळ मास्तराने हेच काम आपल्या भाषेत केले होते.

वेदनायकम शास्त्री आणि राजे यांची एक आख्यायिका तिकडे घरोघर सांगतात. शास्त्री दरबाराचे कवी झाले होते. राजांना ‘बेथलेहेम कुरवंजी’ फार आवडली. ते म्हणाले, “अशीच एक आमच्या बृहदीश्वरावर कर.” पोशिंद्या राजाचा शब्द, शिवाय मित्राचा हट्ट. शास्त्री घरी आले आणि रात्रभर तळमळले. सकाळी दरबारात गेले ते येशूच्या स्तुतीचे नवे गीत घेऊन. तेच त्यांनी डोळ्यांत पाणी आणून राजांपुढे गायिले. राजांनी ऐकून घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. गोष्टीतला शब्दन्शब्द खरा असेलच असे नाही. पण लोकांनी ती दीडदोनशे वर्षे जपली, त्यावरून त्या मास्तराचे मन त्यांना कसे दिसले ते समजते. आणि मला तर यात राजाचेही मोठेपण दिसते. नकार ऐकून घेणे गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला अवघड.

येथपर्यंत गोष्ट कशी गोड झाली! मी वही काढून टिपणे घेत होते. म्हटले, शिक्षकदिनाच्या भाषणाला छान आहे. तेव्हा सर म्हणाले, “टीचर, वही मिटू नका. पुढचेही लिहून घ्या.”

पुढचे ते असे. तंजावरच्या चर्चमध्ये ख्रिस्ती झालेली माणसे निरनिराळ्या जातींची. ती एका छपराखाली येत, एकच प्रार्थना म्हणत. पण बसत मात्र वेगवेगळी. एका बाजूला वेल्लाळ, दुसऱ्या बाजूला त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानीत ते. श्वार्त्झ यांनीही ते चालू दिले होते. हळूहळू आपोआप जाईल, असा त्यांचा विचार. पुढे मिशन इंग्रजी चर्चच्या हाती गेले. नवे मिशनरी आले. त्यांनी सांगितले, देवापुढे जातीची रांग नको, सगळे एकत्र बसा. वेल्लाळ मंडळी बिथरली. आणि त्यांच्या वतीने, १८२९ च्या सुमारास, लेखणी उचलली ती वेदनायकम शास्त्र्यांनी.

नव्या मिशनऱ्यांचे चार जुलूम म्हणून त्यांनी जे लिहिले, त्यात एक होता बायबलाचे जुने, लोकांच्या तोंडी बसलेले भाषांतर बदलल्याचा. दुसरा, सणासमारंभांतली फुले बंद केल्याचा. तिसरा, प्रार्थनेतून तमिळ गीते काढून टाकल्याचा. ही तिन्ही गाऱ्हाणी ऐकताना मी मनातून शास्त्र्यांच्या बाजूची होते. परक्याने येऊन आमची फुले आणि आमची गाणी कशाला बंद करावीत? पण चौथे गाऱ्हाणे होते जातींना एकत्र बसवल्याचे. शास्त्र्यांच्या मते तोही जुलूमच होता, आणि गाण्यांच्या कळकळीनेच त्यांनी त्याच्याविरुद्ध लिहिले. या वादात त्यांची मिशनची नोकरी गेली. सरफोजींनी दरबारात आश्रय दिला तो या पडत्या काळात. १८३२ साली राजेही वारले. १८३३ साली बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद साफ बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येक घराणी चर्च सोडून गेली. शास्त्री १८६४ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. त्यांची गाणी तमिळ ख्रिस्ती आजही म्हणतात. कोणत्या जातीने म्हणावीत, असे गाण्यांना कोणी विचारत नाही.

मी म्हटले, “सर, हे तुम्ही मला सांगितले नसते तरी चालले असते.”

ते म्हणाले, “मी रविवारी मुलांना त्यांचीच गाणी शिकवतो. मोठ्या मुलांना हेही सांगतो. माझे आजोबा त्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांपैकी होते.”

यावर मी काय बोलणार? पायऱ्यांवर ऊन आले होते. आम्ही दोघेही जरा सावलीत सरकलो.

आता माझ्या वर्गातली जागा. आंबेगाव तालुक्याची एक गंमत आहे. ज्या आंबेगावावरून त्याला नाव मिळाले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर, आदिवासींच्या वाड्या, भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला बागायत आणि मंचरची बाजारपेठ. माझी एक शाळा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होती. कोणत्या गावची, ते सांगत नाही. दोष माझा आहे, गावाचे नाव कशाला? वर्गात गावातली मुले असत आणि डोंगराकडच्या वाडीवरची असत. वाडीवरची मुले हिरड्याच्या दिवसांत आणि भाताच्या आवणीत आईबापांबरोबर कामाला जात, हजेरी बुडे, मग मागे पडत. ती दाराशेजारच्या कोपऱ्यात बसत. मी कधी ‘तेथे बसा’ म्हटले नाही. जो तो आपापल्या सोबत्यांजवळ बसतो, अशी माझी समजूत. एक नाही, दोन नाही, चांगली सात वर्षे!

एका श्रावणात त्या कोपऱ्यात छप्पर गळू लागले. मी म्हटले, “अरे, भिजता कशाला? पुढे या, इकडे जागा आहे.” कोणी हलेना. एक तिसरीतली मुलगी दप्तर पोटाशी धरून उठली, पण तिथेच उभी राहिली. म्हणाली, “बाई, तिथं आमची जागा न्हाई.”

त्या दिवशी मी पुढे काय शिकवले, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या सोमवारपासून मी चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. जिचा-ज्याचा जो आकडा निघेल, तेथे त्याने आठवडाभर बसायचे. मुलांना तो खेळच झाला. पण चार दिवसांनी गावातले एक आजोबा शाळेत आले. माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. हरिपाठ तोंडपाठ. शाळेची विहीर खणायला यांनीच पुढाकार घेतला होता. गरीब पोरांना वह्या वाटताना जात कधी पाहिली नाही. त्यांनी मला हात जोडून सांगितले, “बाई, शिकवा समद्यांना. पर बसवा ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी. रीत मोडू नका.”

मी म्हटले, “आजोबा, वारीत दिंडीत चालताना विचारता का?”

ते रागावले नाहीत. “वारी येगळी, गाव येगळं,” म्हणाले, आणि निघून गेले. मी चिठ्ठ्या बंद केल्या नाहीत. त्यांचा नातूही चिठ्ठीप्रमाणे बसत राहिला; त्याला त्यांनी शाळेतून काढले नाही. मात्र माझ्याशी ते पुढे त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. पुढल्या पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःच्या पैशाने पत्रे आणून त्या गळक्या कोपऱ्यावर बसवून दिले.

त्या आजोबांना मनात कोठे ठेवावे, हे मला वर्षानुवर्षे उमगले नव्हते. देवमाणूस म्हणावे, तर ते वाक्य आठवे. वाईट म्हणावे, तर ते पत्रे डोळ्यांपुढे येत. आणि त्यांच्यावर रागवायचा अधिकार तरी मला कोठे होता? त्यांनी तोंडाने सांगितले ते मी सात वर्षे न बोलता चालवले होते. तंजावरच्या त्या पायऱ्यांवर बसले असताना मला त्यांचा निकाल लागला नाही. पण निकाल लावण्याचा हट्ट मात्र सुटला. माझे ते तिरुचिरापल्लीचे सर शास्त्र्यांचे गीत पेटीवर वाजवतात आणि शास्त्र्यांची चूकही मुलांना सांगतात. एकासाठी दुसरे लपवत नाहीत. शिक्षकाला याहून वेगळा मार्ग नसावा. निघताना मी विचारले, “आता चर्चमध्ये सगळे एकत्र बसतात ना?” ते म्हणाले, “बसतात, टीचर. पण लग्न जमवायची वेळ आली की अजून विचारतात.” त्यांनी तेही लपवले नाही.

गेल्या दिवाळीला आमच्या आळीतली मुले अंगणात किल्ला करत होती. किल्ला अर्थातच शिवनेरी. जुन्नरात दुसरा कोणता करणार? मी पायरीवर बसून त्यांना व्यंकोजींची, सरफोजींची आणि मग तंजावरच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. गाण्यांची सांगितली, राजाला नाही म्हटल्याची सांगितली आणि चर्चमधल्या रांगांचीही सांगितली. कोपरापर्यंत चिखल लागलेली एक मुलगी म्हणाली, “मग बाई, ते मास्तर चांगले होते का वाईट?”

मी म्हटले, “शिकवायचे चांगले. गायचे तर फारच चांगले. बसायच्या जागेचे मात्र त्यांचे चुकले.”

तिने जरा विचार केला. मग विचारले, “त्यांना कुणी सांगितलं नाही का?”

“सांगितले. पण त्यांना पटले नाही.”

“आणि तुम्हांला?” असे तिने विचारले नाही. विचारले असते, तर मी दाराशेजारच्या त्या कोपऱ्याचीही गोष्ट सांगितली असती. तिने चिखलाचे हात फ्रॉकला पुसले आणि ती गडाच्या पायऱ्या लावायला गेली. त्या दिवशी राहिलेली ती गोष्ट या अंकात लिहून ठेवली आहे. मोठी झाली म्हणजे वाचील.